बडोद्याची ग्रंथपेटी आणि ग्रंथपालाची शिफारस

ग्रंथालयांचे इतिहास पुष्कळदा इमारतींचे इतिहास होऊन बसतात. अमुक साली पायाभरणी झाली, अमुक श्रीमंतांनी इतके रुपये दिले, संग्रहात इतक्या सहस्र पुस्तकांची भर पडली, अशी नोंद त्यांत असते आणि ती असावयासच हवी. परंतु ग्रंथालयाच्या दैनंदिन व्यवहारातील जी सर्वांत महत्त्वाची घटना, तिची नोंद कोणत्याही अहवालात सहसा सापडत नाही. दारात आलेल्या माणसाकडे क्षणभर पाहून ग्रंथपाल कपाटातून एक पुस्तक काढतो आणि म्हणतो, “हे न्या, आपल्याला आवडेल.” ह्या चार शब्दांमागे पुस्तकांचे ज्ञान असते, माणसाची पारख असते, आणि पुस्तक व माणूस यांची गाठ घालून देणे हे आपले कर्तव्य आहे अशी जाणीवही असते. ही जाणीव आपल्या देशात प्रथम राज्यकारभाराचे अंग म्हणून कोठे रुजली, याचा शोध घेऊ लागल्यास आम्हांस मागे बडोद्याकडे वळावे लागते.

बडोद्याच्या ग्रंथालय-चळवळीवर आजवर बरेच लिहिले गेले आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या सुधारणांच्या यादीत तिला मानाचे स्थान आहे. तथापि तिचे खरे नावीन्य कशात होते, याविषयी थोडा निराळा विचार करावा असे आम्हांस वाटते. पुस्तके फुकट वाचावयास देणे हे मोठे काम होतेच. पण वाचकापुढे काय ठेवावे हे ठरविणारा एक शिकलेला सेवकवर्ग तयार करणे, आणि ‘काय ठेवावे’ ह्या प्रश्नात ज्ञानाबरोबर मनोरंजनालाही संकोच न बाळगता जागा देणे, हे काम त्याहून अवघड होते. ते बडोद्याने केले.

बडोद्यापूर्वी आपल्याकडे ग्रंथालये नव्हती असे मुळीच नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० सालचे आणि पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ सालची. पुढे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. ह्या संस्थांनी मराठी वाङ्मयाची केवढी सेवा केली हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु त्यांचे स्वरूप मुख्यतः वर्गणीदारांच्या मंडळाचे होते. जो शहरात राहतो, ज्याला वाचता येते, जो वर्गणी भरू शकतो आणि ज्याला काय वाचावयाचे हे बहुधा आधीच ठाऊक आहे, असा गृहस्थ ह्या वाचनालयांचा वाचक होता. अशा वाचकाला शिफारशीची फारशी गरज भासत नाही. वृत्तपत्रात परीक्षण वाचून किंवा मित्राच्या तोंडून ऐकून तो पुस्तकाचे नाव घेऊनच येतो. ग्रंथपालाचे काम मग कुलूप, किल्ली आणि नोंदवही एवढ्यापुरते उरते. तो संग्रहाचा रक्षक असतो, वाचकाचा वाटाड्या नसतो.

बडोदे संस्थानापुढे जो प्रश्न उभा राहिला तो ह्याच्या नेमका उलट बाजूचा होता. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली ते शिक्षण सबंध संस्थानास लागू करण्यात आले. खेड्यापाड्यांतील मुले चार-पाच वर्षे शाळेत बसू लागली. परंतु शाळा सुटल्यावर पुढे काय? शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी पाटी ठेवून नांगरामागे जाई, आणि घरात वाचावयास छापील कागदाचा चिटोराही नसे. शिकलेले अक्षर वापरावाचून पुसले जाते. सरकारने लाखो रुपये खर्चून शिकविलेली अक्षरे अशी पुसली जाणार असतील, तर सक्तीच्या शिक्षणाचा उपयोग काय? ग्रंथालय ही येथे चैनीची वस्तू राहिली नव्हती. शिक्षणावर झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून करावयाची ती तजवीज होती. बडोद्याच्या चळवळीचा उगम ह्या रोखठोक हिशेबात आहे, आणि म्हणूनच ती केवळ हौसेची ठरली नाही.

सयाजीराव १९०६ साली आणि पुन्हा १९१० साली अमेरिकेस गेले होते. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला. ज्या देशात गावोगाव ग्रंथालय आहे आणि त्यात मजुरालाही मुक्तद्वार आहे, तो देश आपल्याला काय शिकवू शकेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला आणि १९१० साली विल्यम अॅलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन हे न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात दीर्घकाळ काम केलेले गृहस्थ. चार्ल्स कटर यांच्यासारख्या नामांकित ग्रंथपालाच्या हाताखाली ते तयार झाले होते. १९१३ पर्यंतच्या सुमारे तीन वर्षांत त्यांनी ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभे केले, महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडणी केली, ड्यूई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून एक वर्गीकरण-पद्धती बसविली, आणि १९११ साली ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग सुरू केला. आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाचा प्रारंभ ह्या वर्गापासून मानला जातो.

परंतु सारे श्रेय परदेशी तज्ज्ञाच्या पदरात घालणे इतिहासाला धरून होणार नाही. बॉर्डन यांचे पाऊल बडोद्यास लागण्यापूर्वीच चरोतरात मोतीभाई नरसिंहभाई अमीन ह्या शिक्षकाने १९०६ पासून मित्रमंडळांच्या नावाने लहान लहान वाचनालये काढण्यास प्रारंभ केला होता. तरुणांनी एकत्र यावे, थोडे पैसे जमवावे, वृत्तपत्रे व पुस्तके मागवावी आणि गावाने ती वाचावी, अशी ती साधी योजना होती. तिच्यामागे राजसत्ता नव्हती. एका शिक्षकाची तळमळ तेवढी होती. पुढे सरकारने मोतीभाईंना ग्रंथालय खात्यात घेतले, आणि खेड्यांतील कामाचा भार मुख्यतः त्यांनीच उचलला. बॉर्डन यांना ग्रंथालय ठाऊक होते, मोतीभाईंना खेडे ठाऊक होते. ह्या दोन ज्ञानांची भेट झाली म्हणून बडोद्याचा प्रयोग जमिनीत मूळ धरू शकला. ‘चरोतरचे मोती’ हे लोकांनी त्यांना दिलेले नाव कोणत्याही सरकारी किताबाहून मोलाचे होय.

पैशाची व्यवस्थाही अशीच विचारपूर्वक केलेली होती. गावकऱ्यांनी एक तृतीयांश रक्कम उभी करावयाची, एक तृतीयांश प्रांत-पंचायतीने द्यावयाची आणि उरलेली एक तृतीयांश सरकारने. ग्रंथालयाच्या इमारतीसाठीही हेच तत्त्व होते. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, आणि सर्वस्वी स्वतःच्या बळावर खेड्याला ग्रंथालय झेपत नाही, ह्या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन ही वाटणी ठरलेली दिसते. ह्या व्यवस्थेमुळे दोन दशकांत संस्थानात शेकडो ग्रामग्रंथालये उभी राहिली. वीस लाखांच्या आसपास वस्तीचे हे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली हे त्याचे प्रांत निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले होते, आणि द्वारकेचे ओखामंडळ तर अगदी टोकाला. अशा तुटक प्रदेशात हे जाळे विणले गेले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्या गावांना वाचनालय काढणे झेपत नसे, किंवा जेथे वाचनालय असूनही नवीन पुस्तके येत नसत, त्यांच्यासाठी १९११ पासून फिरती ग्रंथालये सुरू झाली. फिरते ग्रंथालय म्हणजे एक मजबूत लाकडी पेटी. तीत साधारणतः पंधरा ते तीस पुस्तके मावत. पेटी गावच्या शाळामास्तरांकडे किंवा एखाद्या जबाबदार गृहस्थाकडे जाई, काही काळ तेथे राही, आणि मग परत येऊन दुसऱ्या गावाच्या वाटेस लागे. ने-आणीचा खर्च खाते सोशी.

ही पेटी दिसावयास साधी खरी. पण तीत काय घालावयाचे हे ठरविणाऱ्याच्या मनाची अवस्था आपण कल्पनेने पाहिली पाहिजे. मध्यवर्ती ग्रंथालयात हजारो पुस्तके आहेत. पेटीत पंधरा ते तीस मावतात. ज्या गावी ती जावयाची तेथे वाचू शकणारी माणसे थोडी आहेत, त्यांची आवड ठाऊक नाही, आणि पहिल्याच पेटीने त्यांचा विरस झाला तर दुसरी पेटी मागविण्याची इच्छा त्यांना होणार नाही. तेव्हा शेतीवरचे पुस्तक घालावे की भक्तिपर? आरोग्याचे घालावे की कादंबरी? मुलांसाठी गोष्टी किती आणि बायकांना उपयोगी पडेल असे काय? शहरातील ग्रंथालयात चुकीचे पुस्तक निवडले तर ते कपाटात पडून राहते एवढेच. पेटीत मात्र चुकीच्या पुस्तकाने योग्य पुस्तकाची जागा अडविलेली असते. पेटी ही अशा रीतीने जणू लाकडात बंद केलेली शिफारसच होती. जागेच्या टंचाईने ग्रंथपालाला विचार करणे भाग पाडले, आणि त्या विचारातूनच त्याचा धंदा विद्या होऊ लागला.

ह्याहूनही धाडसाची गोष्ट म्हणजे ग्रंथालय खात्याची दृश्यशिक्षण शाखा. ज्यांना वाचताच येत नाही त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न वाचनालयाच्या चालकांनी सहसा स्वतःस विचारलेला नसतो. अक्षर न ओळखणारा मनुष्य आपल्या कक्षेबाहेरचा, असे ते गृहीत धरतात. बडोद्याने तसे मानले नाही. ह्या शाखेकडे सिनेमाची यंत्रे होती, काचेवरील चित्रे पडद्यावर दाखविणारे जादूचे कंदील होते, आणि दोन डोळ्यांनी पाहिल्यावर चित्रास खोली आलेली भासते असे स्टिरिओस्कोपही होते. खात्याची माणसे हे साहित्य घेऊन गावोगाव जात आणि फुकट खेळ करीत.

पडद्यावरील चित्रांचे वेड मराठी माणसास नवे नव्हते. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ ह्या भारदस्त नावाने हाताने रंगविलेल्या काचचित्रांचे खेळ लोकांना दाखविले होते. बडोद्याच्याच कलाभवनात काही काळ शिकलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. हा काळ ध्यानात घेतला म्हणजे बडोद्याच्या ग्रंथालय खात्याचे औचित्य अधिक उमगते. सिनेमा हा तमाशाचा नवा प्रकार आहे की आणखी काही, याविषयी सुशिक्षितांच्या मनात शंका असतानाच्या त्या दिवसांत एका देशी संस्थानाच्या ग्रंथालयाने त्याला ग्रंथाच्या पंक्तीस बसविले होते.

ह्यावर आक्षेप घेणे सोपे आहे, आणि तो आजही निराळ्या शब्दांत घेतला जातो. ग्रंथालयाचे काम ज्ञान देण्याचे; करमणूक करण्यास बाजार समर्थ आहे; सरकारी पैशाने खेळ दाखविणे म्हणजे ग्रंथालयाचा दर्जा घालविणे होय, असा तो आक्षेप. तो वरवर पटण्यासारखा वाटतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ज्ञान व मनोरंजन यांची दारे निरनिराळी आहेत असे तो मानतो. आपल्या परंपरेचा अनुभव तसा नाही. कीर्तनकाराने पूर्वरंगात जे सांगावयाचे ते लोकांनी ऐकावे म्हणून उत्तररंगात आख्यान लावले, आणि त्यामुळे पूर्वरंगाची प्रतिष्ठा कमी झाली असे कोणी म्हटले नाही. पंचतंत्र राजपुत्रांच्या शिक्षणासाठी रचले गेले आणि ते पशुपक्ष्यांच्या गोष्टींतून रचले गेले. जो मनुष्य दिवसभर शेतात राबून आला आहे, त्याला रात्री चौकात आणून बसवावयाचे, तर त्याला आनंद वाटेल असे काही तेथे असले पाहिजे. एकदा तो बसला, म्हणजे परदेशातील शहर, समुद्रातील जहाज, यंत्राने चाललेला कारखाना, रोगाचा प्रसार, ह्यांपैकी काहीही त्याच्यापुढे ठेवता येते. बडोद्याच्या ग्रंथालयसेवकांनी मनोरंजनाला ज्ञानाची लाच म्हणून वापरले असे आम्हांस वाटत नाही. माणसाचे कुतूहल जागे करणे हाच दोहोंचा समान प्रारंभ आहे, हे त्यांनी ओळखले होते.

मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते, आणि त्यात पुस्तकांबरोबर चित्रे, खेळ आणि बुद्धीला चालना देणारी कोडीही होती. ज्या काळी मुलाने पुस्तकाला हात लावण्यापूर्वी हात धुऊन यावे आणि आवाज न करता बसावे एवढीच अपेक्षा असे, त्या काळी ग्रंथालयात खेळण्याची मुभा देणे ही साधी गोष्ट नव्हती. स्त्रियांसाठीही वेगळी व्यवस्था होती. पडद्याची आणि मर्यादेची बंधने असलेल्या समाजात त्यांनी पुरुषांच्या गर्दीत येऊन पुस्तक निवडावे ही अपेक्षा व्यर्थ ठरली असती. वाचक येत नाही, तर तो का येत नाही याचा विचार करून ग्रंथालयाने आपली रीत बदलावी, हे तत्त्व येथे दिसून येते. संग्रहातील पोलादी कपाटे आणि काचेच्या तक्तपोशी पाहून पुढील पिढ्यांनी कौतुक केले, ते योग्यच आहे. पण आमच्या मते ह्या अदृश्य सोयी त्या कपाटांहून अधिक टिकाऊ विचाराच्या होत्या.

बॉर्डन मायदेशी परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे खात्याची सूत्रे आली, आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांच्याकडे. कुडाळकरांचा चळवळीवरील इंग्रजी ग्रंथ १९१९ सालचा, दत्तांचा १९२८ सालचा. ह्या मंडळींच्या काळात चळवळीचा जो वैचारिक व्यवहार चालला, त्याचा एक अवशेष मराठी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९१२ साली बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे त्रैमासिक निघू लागले. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतील मजकूर त्यात असे. ग्रंथालयशास्त्राला वाहिलेले हे आपल्या देशातील पहिलेच नियतकालिक मानले जाते, आणि त्याच्या तीन भाषांपैकी एक मराठी होती. ग्रंथपालाने ग्रंथपालाशी बोलावे, एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, आणि हे बोलणे केवळ राज्यकर्त्यांच्या भाषेत न होता लोकांच्याही भाषांत व्हावे, हा आग्रह त्यामागे होता. मराठी ही तेथे बहुसंख्य प्रजेची भाषा नव्हती. प्रजेची भाषा गुजराती, आणि राजघराण्याची व दरबारच्या एका वर्गाची मराठी. तरीही दोहोंना एकाच अंकात शेजारी स्थान मिळाले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी भाषिकांना ह्या शेजारात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आपली भाषा जपावयाची ती शेजाऱ्याच्या भाषेकडे पाठ फिरवून नव्हे, हा तो धडा होय.

एवढे कौतुक केल्यावर ह्या प्रयोगाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बडोद्याची चळवळ कितीही लोकाभिमुख असली तरी ती एका राजाच्या इच्छेवर उभी होती. कोणती पुस्तके पेटीत जातील हे सरकारी खाते ठरवीत असे, आणि निवडीचा अधिकार जेथे सरकारच्या हाती असतो तेथे शिफारशीची हुकमात परिणती होण्याचा धोका नेहमीच असतो. १९१० साली इंग्रज सरकारने वृत्तपत्रांवर कडक निर्बंध घालणारा कायदा केला, आणि सयाजीरावांकडे पाहण्याची त्या सरकारची दृष्टी १९११ च्या दिल्ली दरबारानंतर अधिकच संशयी झाली. अशा वातावरणात कोणतेही सरकारी ग्रंथालय सर्वस्वी मोकळे राहणे शक्य नव्हते. दुसरे असे की, खेड्यातील पेटी ज्याच्या हाती येई तो बहुधा शाळामास्तर असे, आणि गावातील ज्या जातींना त्या काळी ओटीवर पाऊल टाकण्याची चोरी होती, त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचविणे हे केवळ पेटीच्या हातचे काम नव्हते. सयाजीरावांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी शाळा काढल्या व शिष्यवृत्त्या दिल्या हे सर्वविदित आहे. परंतु राजाचे धोरण आणि गावचा उंबरठा यांत अंतर असते. इतिहास लिहिताना धोरणाच्या तेजाने डोळे दिपून उंबरठा दिसेनासा होऊ नये.

शिफारस आणि हुकूम यांतील फरक कोणता, असे कोणी विचारील. आमच्या मते फरक असा की, शिफारस नाकारण्याचे स्वातंत्र्य वाचकाकडे राहते, आणि नाकारल्यावर ग्रंथपाल रुष्ट न होता दुसरे पुस्तक काढतो. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात वर्गणी नव्हती, आणि कपाटांपाशी जाऊन स्वतः पुस्तक निवडण्याची मोकळीक वाचकांस मिळाली होती. जो ग्रंथपाल शिफारस करतो त्यानेच कपाटही उघडे ठेवले पाहिजे. तरच त्याच्या शिफारशीला नैतिक अधिकार येतो. हा समतोल बडोद्याने सर्वत्र साधला असे नाही, पण साधावयाचा असतो हे त्याने जाणले होते.

१९३९ च्या फेब्रुवारीत सयाजीराव निवर्तले. मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि एका राजाच्या छायेत वाढलेली ही व्यवस्था मोठ्या प्रांताच्या कारभारात मिसळून गेली. पण तिच्यातील कल्पना इतरत्र उगवत राहिल्या. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची आपली पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय बडोद्याच्या पेटीला किती जवळचा आहे हे सांगावयास नको. त्याच वर्षी मद्रास इलाख्यात मन्नारगुडी येथे बैलगाडीतून फिरते ग्रंथालय निघाले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रासने १९४८ साली आणि महाराष्ट्र राज्याने १९६७ साली. १९५१ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय उघडले, तेव्हा त्यात मुलांचा विभाग, चित्रपट आणि व्याख्याने यांना स्थान होते. चाळीस वर्षांपूर्वी बडोद्याने ज्या वाटेने पाऊल टाकले, तीच ही वाट होती.

आणि आज? पेटीची जागा आता खिशातील यंत्राने घेतली आहे. भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. विकिस्रोतावर आणि इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तके पाने उलटल्यासारखी पाहता येतात. व्याख्याने, संगीत, माहितीपट, मुलांच्या गोष्टी यांना तर गणतीच नाही. २०२० साली साथीने ग्रंथालयांची दारे बंद पाडली, तेव्हा अनेक देशांतील ग्रंथालयसेवकांनी वाचकांसाठी अशा ज्ञानवर्धक आणि रंजक साधनांच्या याद्या करून घरोघर धाडल्या. ते काम पुष्कळांस नवे वाटले. वस्तुतः एका शतकापूर्वी बडोद्याच्या सेवकांनी लाकडी पेटी भरताना जे केले, तेच ह्या सेवकांनी निराळ्या साधनाने केले.

फरक एवढाच की, तेव्हा अडचण दुर्मिळतेची होती आणि आज ती विपुलतेची आहे. परंतु दोन्ही अडचणींत वाचकाची अवस्था एकच. काही नसताना मनुष्य रित्या हाताने परततो, आणि सर्व काही असताना कशास हात घालावा हे न कळून जे पहिले पुढ्यात येते तेच घेऊन बसतो. पुढ्यात काय आणून ठेवावयाचे हे आज बहुतांशी यंत्रांच्या गणिताने ठरते, आणि त्या गणिताचा हेतू मनुष्य शहाणा व्हावा हा नसून तो तेथेच खिळून राहावा हा असतो. ग्रंथपालाला असा स्वार्थ नसतो. पुस्तक घेऊन वाचक उठून घरी गेला, तर त्यात ग्रंथपालाला आनंदच आहे.

ह्या विचाराचा संबंध आमच्या स्वतःच्या संस्थांशी फार निकटचा आहे. महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी माणूस जाऊन स्थिरावला, तेथे तेथे त्याने आधी गणेशोत्सव आणि मागोमाग वाचनालय सुरू केले. हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ सालचे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, दिल्ली ह्या शहरांतही मराठी पुस्तकांचे संग्रह पिढ्यानपिढ्या जतन झाले. अशा संस्थांच्या सभांतून आज एकच सूर वारंवार ऐकू येतो : नवी पिढी मराठी वाचत नाही, कपाटे भरलेली आहेत आणि वाचक उरले नाहीत. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिचे उत्तर कपाटांची संख्या वाढविण्यात नाही, हे बडोद्याच्या इतिहासावरून दिसून येते. ज्या मुलाला घरी मराठी बोलता येते पण शाळेत शिकावयास मिळालेली नाही, त्याच्यासाठी पंधरा गोष्टी कोणत्या? त्यांतील वाचावयाच्या किती, आणि कानांनी ऐकावयाच्या किंवा पडद्यावर पाहावयाच्या किती? ज्या आजोबांना दृष्टी साथ देत नाही, त्यांना कोणते ध्वनिमुद्रित पुस्तक सुचवावे, आणि ते लावून देण्यास कोणी जावे? परप्रांतीय सुनेला मराठी शिकावयाची हौस आहे, तिच्या हाती प्रथम काय द्यावे? असे प्रश्न विचारून प्रत्येक वाचनालयाने आपापली पेटी भरण्यास प्रारंभ केला, तर त्यास फार मोठा निधी लागणार नाही. पुस्तके जाणणारी आणि शेजारपाजारची माणसे ओळखणारी दोन-चार माणसे मात्र लागतील.

बडोद्याच्या त्या लाकडी पेट्या कितीक गावांच्या वाटा तुडवून झिजल्या असतील. त्यांतील कोणते पुस्तक कोणाच्या हाती पडले आणि त्याने त्याच्या आयुष्यात काय घडविले, ह्याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत नाही, आणि तसा तो असूही शकत नाही. पण पेटी भरणाऱ्याने ती विचारपूर्वक भरली होती. आमच्या वाचनालयांत आज जे कोणी संध्याकाळी दोन घटका दिवा लावून बसतात, त्यांनी हे काम आपले मानावे, आणि संस्थांच्या चालकांनी त्यांना केवळ किल्ली सांभाळणारे न समजता ह्या कामासाठी वेळ, शिक्षण आणि मान द्यावा, अशी आमची विनंती आहे. पुस्तके सांभाळणारे पुष्कळ मिळतील. “हे न्या, आपल्याला आवडेल” असे विश्वासाने म्हणू शकणारा माणूस मात्र तयार करावा लागतो, हे बडोद्याला १९११ सालीच कळले होते.